मुलगी मिशनला गेली, आता घरून काय कळवायचं?

आमची थोरली धर्मभगिनी आहे. शिक्षणाने नर्स, आणि गेली सहा वर्षं मध्य टांझानियातल्या एका गावच्या दवाखान्यात काम करते. आमच्या वसईतून वर्षाला कुणाची ना कुणाची मुलगी, कुणाचा मुलगा असा निघतोच. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होते, निरोपाची भाषणं होतात, फोटो निघतात. मग दोन-तीन आठवड्यांनी त्या घरची आई मला देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आवारात गाठते आणि हळूच विचारते, "तुम्ही काय काय बोलता हो तिच्याशी? आमचं तर दोन मिनिटांत संपतं." वडील विचारत नाहीत, पण बाजूला उभे राहून कान देऊन ऐकत असतात. त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. मूल आफ्रिकेत असो, झारखंडात असो की अरुणाचलात, यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी विचारून घ्या

मूल नेमकं कुठल्या टप्प्यावर आहे ते समजून घ्या. नव्हिशिएट, म्हणजे व्रतं घेण्याआधीचा तयारीचा काळ, चालू असेल तर घराशी संपर्क मुद्दाम कमी ठेवलेला असतो. चर्चच्या कायद्याप्रमाणे हा काळ किमान बारा महिन्यांचा असतो, आणि त्यात फोन कधी, पत्र किती, हे प्रत्येक धार्मिक मंडळ आपापलं ठरवतं. त्या काळात भावाच्या मित्राच्या फोनवरून चोरून बोलणं वगैरे करू नका. मुलीला दोन्हीकडे तोंड द्यावं लागतं आणि तिचाच जीव टांगणीला लागतो. पहिली व्रतं झाली की मोकळीक वाढते. पुढे तीन ते सहा वर्षं तात्पुरती व्रतं आणि मग अखेरची.

दुसरं, तिच्या मठाच्या सुपिरियरचा, म्हणजे प्रमुख सिस्टरचा, नंबर आणि भारतातल्या प्रांतीय घराचा, म्हणजे मंडळाच्या इथल्या मुख्य मठाचा, नंबर. हे दोन्ही फोनमध्ये तर ठेवाच, शिवाय कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तो कधी लागतो ते पुढे सांगते.

तिसरं, तिचा मोकळा वेळ कोणता, वीज आणि नेट कधी असतं. आमच्या मुलीकडे वीज जाते-येते, आणि व्हिडिओ कॉलपेक्षा आवाजाचा संदेश तिला परवडतो. हे कळायला आम्हाला चार महिने लागले. तोवर आम्ही व्हिडिओ कॉल लावत होतो, चित्र गोठत होतं, आणि दोन्हीकडची माणसं "ऐकू येतंय का" एवढंच बोलून फोन ठेवत होती.

नकाशा आणि घड्याळ

लिझ्यूची संत तेरेजा आपल्या मठाबाहेर मिशनसाठी कधीच गेली नाही, तरी १९२७ साली पोपनी तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून जाहीर केलं. तिने दोन तरुण मिशनऱ्यांना पत्रांतून धीर दिला. त्यांतले एक चीनमधल्या सिचुआन प्रांतात गेले, तेव्हा तिने त्या प्रांताचा नकाशा आपल्या कामाच्या जागी भिंतीवर लावला होता. हे वाचल्यावर मी धाकट्याला सांगून टांझानियाचा मोठा नकाशा छापून आणला आणि जेवणाच्या टेबलासमोर लावला. त्याचा उपयोग असा झाला की आम्ही तिला बरे प्रश्न विचारायला लागलो. "कशी आहेस" याला "बरी आहे" यापलीकडे उत्तर नसतं. "डोडोमाहून औषधं येतात ती कुठल्या रस्त्याने? पावसात तो रस्ता चालू असतो का?" असं विचारलं की ती अर्धा तास बोलते.

घड्याळाचंही तसंच. टांझानिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिची रात्रीची प्रार्थना आटोपते तेव्हा आपल्याकडे साडेदहा-अकरा होतात, म्हणून आमच्याकडे रविवारी दुपारी झोप काढायची पद्धत पडली आहे. आणखी एक गोष्ट तिथे पोस्टिंग असलेल्यांच्या घरच्यांनी लक्षात ठेवावी. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. एकदा मुलीचा फोन बिघडला होता, तेव्हा तिथल्याच एका सिस्टरने निरोप पाठवला की ती रात्री दोनला फोन करेल. आम्ही गजर लावून पहाटे साडेचारला उठून बसलो, मनात नाही नाही ते विचार. तो फोन तर आदल्या रात्रीच साडेदहाला येऊन गेला होता, आणि आम्ही फोन खाली चार्जिंगला लावून माडीवर झोपलो होतो. वेळ ठरवताना आपल्या घड्याळाची की त्यांच्या, हे विचारून घ्या.

काय कळवायचं

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. आपल्याला वाटतं, मूल एवढ्या मोठ्या कामाला गेलंय, त्याला आपल्या घरातल्या बारीकसारीक गोष्टी काय सांगायच्या? मग आपण लिहितो, "इकडे सर्व ठीक आहे, काळजी करू नकोस, प्रार्थना करतो." पहिल्या वर्षीची माझी पत्रं अशीच होती. मुलीने एकदा स्पष्ट विचारलं, "आई, ठीक म्हणजे काय ते लिही ना. विहिरीला पाणी किती आहे? पप्पा अजून सकाळी वाडीत जातात का? माझ्या खोलीत आता कोण झोपतं?"

तेव्हापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग करते. दिवसात काही घडलं की त्या चौकोनात दोन शब्द लिहायचे. "पंप बिघडला." "मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन." "सुकेळी केली." (सुकेळी म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी.) रविवारी दुपारी ते सात चौकोन समोर ठेवून पत्र लिहायचं. काय लिहू हा प्रश्न परत पडला नाही. एका पत्रातला हा तुकडा (पापडी हा आमच्या वसईतला भाग, निवटी म्हणजे खाडीतले मासे):

"मंगळवारी पावसाने एवढा जोर केला की पापडीला गुडघाभर पाणी. पप्पा तसेच बाजारात गेले, मी रागावले, आणि ते निवटी घेऊन आले तेव्हा राग गेला. केळीची सतरा झाडं आडवी झाली. पलीकडच्या काकांनी त्यांची माणसं पाठवली, आपण त्यांना जेवायला घातलं. तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी पुन्हा निखळली. तू लावलेला खिळा शेवटी काढला, पण ठेवलाय."

यात उपदेश नाही, मोठी बातमी नाही. तिने ते पत्र मठातल्या इतर सिस्टरांना स्वाहिलीत वाचून दाखवलं आणि सतरा झाडांबद्दल त्या सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली.

तिथे माणसं भेटल्यावर विचारतात, "हबारी झा न्युम्बानी?" म्हणजे घरची काय खबर. हा हबारी शब्द आणि आपला खबर एकाच अरबी शब्दातून आलेले आहेत. उत्तर पहिल्यांदा "न्झुरी", छान, असंच द्यायचं, आणि मग हळूहळू खरं सांगायचं. घरात आजारी माणूस असलं तरी आधी न्झुरी. मुलीने हे सांगितलं तेव्हा मला पटलं की आपलं "सर्व ठीक" हे त्या पहिल्या शब्दासारखं आहे. ते जरूर म्हणा. तिथे थांबू नका, एवढंच.

सणांच्या बाबतीत थोडं आधीपासून बघा. नाताळात गव्हाणीचा फोटो सगळेच पाठवतात, पण गव्हाण बांधताना झालेली भांडणं आणि गवत कुठून आणलं ते कुणी पाठवत नाही. आमच्याकडे तो कच्चा फोटो आधी जातो. पावसाळ्यात मी पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज पाठवते, कारण मध्य टांझानियात जून-जुलै म्हणजे कोरडी, वाऱ्याची थंडी. तिथला पाऊस साधारण डिसेंबर ते एप्रिल. तिने तो आवाज रात्रपाळीत ऐकला असं कळवलं होतं.

घरात लग्न निघालं तर मिशनवर असलेल्या मुलाला किंवा मुलीला फक्त पाहुणा करू नका. येता येणार नाही हे ठरलेलं असतं, आणि ते दुःख खरं असतं. धाकट्याच्या लग्नाच्या मिस्सेतल्या श्रद्धावंतांच्या प्रार्थना तिने लिहून पाठवल्या. साडीचा रंग तिला विचारला. मंडपातून व्हिडिओ लावला तो नीट लागलाच नाही. पण प्रार्थना वाचल्या जात होत्या तेव्हा ती तिकडे घड्याळ लावून बसली होती.

कशातून कळवायचं

मी हाताने लिहिते, कागदाचा फोटो काढते आणि व्हॉट्सअॅपवर पाठवते. मूळ कागद फाइलमध्ये राहतो आणि कुणी सिस्टर तिकडे जाणार असली की तिच्याबरोबर गठ्ठा जातो. हाताचं अक्षर हवं असतं. गोव्यात ज्यांचं शव आहे त्या संत फ्रान्सिस झेवियरनी आपल्या सोबत्यांच्या पत्रांतल्या त्यांच्या सह्या कापून काढल्या होत्या आणि त्या गळ्यातल्या छोट्या पिशवीत बाळगल्या होत्या. पत्रच्या पत्र पाठ झालेली असतील, तरी अक्षर जवळ हवं होतं.

प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात क्रमांक टाका. झेवियरच्या काळी एकच पत्र दोन-तीन प्रती करून वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत, म्हणजे एखादं बुडालं तरी दुसरं पोहोचावं. आज जहाज बुडत नाही, पण नेट नसलं की चार संदेश एकदम येतात, एखादा येतच नाही. "बावन्न मिळालं, एक्कावन्न नाही" असं तिने कळवलं की पुन्हा पाठवता येतं.

वडिलांना लिहायला जमत नसेल तर आवाज. आमच्या ह्यांना कागदावर तीन ओळींपुढे जाता येत नाही. वाडीत पाणी सोडता सोडता मात्र ते दहा मिनिटं बोलतात, मागे पाटाचा आवाज, मध्येच कुत्र्याला हाकलणं. ती म्हणते, हे मी दोनदा ऐकते.

वाईट बातमी

चार वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेलं, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली. घरात सगळ्यांनी ठरवलं, मुलीला सांगायचं नाही. एवढ्या लांब आहे, येता तर येणार नाही, उगाच जीवाला घोर. मीच सगळ्यांना बजावलं होतं. चौथ्या दिवशी कुणीतरी एका ग्रुपवर "प्रार्थना करा" असा संदेश टाकला, त्यात ह्यांचं नाव, आणि तो फिरत फिरत टांझानियात पोहोचला.

तिचा फोन आला. ती रडली नाही. म्हणाली, "आई, मी रोज दुसऱ्यांच्या वडिलांच्या उशाशी बसते. माझ्या वडिलांचं मला ग्रुपवरून कळावं?"

त्यापुढचं जास्त त्रासाचं होतं. जवळजवळ वर्षभर मी "सगळं बरं आहे" म्हटलं की ती दोन क्षण गप्प राहायची. मग धाकट्याला वेगळा फोन करून खात्री करून घ्यायची. मी तिची काळजी वाचवायला गेले आणि तिला कायमची काळजी लावून ठेवली. म्हणून नवीन आई-वडिलांना मी हात जोडून सांगते, लपवू नका.

कळवण्याची रीत मात्र हवी. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही ती पाळली.

आधी सुपिरियरला फोन केला. कपाटाच्या दारावरचा नंबर यासाठीच. त्यांना सांगितलं, अमुक झालं आहे, तुम्ही कुणीतरी तिच्याजवळ असाल तेव्हा आम्हाला कळवा. त्यांचा निरोप आल्यावर मुलीला आम्ही स्वतः फोन केला. हे दुसऱ्या कुणावर सोपवायचं नाही. पहिल्या वाक्यात सांगितलं, "आजी आज सकाळी सहाला गेली." तब्येत फार बिघडली आहे, बघू काय होतं, अशी प्रस्तावना केली नाही. फोनवर माणूस प्रस्तावनेतच अर्धा मरतो. मग शेवटी कोण जवळ होतं, त्रास झाला का, दफन किती वाजता. आणि तिने काय करायचं तेही सांगितलं, कारण लांबच्या माणसाला हाताला काम हवं असतं: "चारला इथे मिस्सा आहे. तू त्या वेळी तुझ्या चॅपलमध्ये बस."

नातेवाइकांना आधीच बजावलं होतं की मुलीशी बोलणं होईपर्यंत ग्रुपवर काही टाकायचं नाही. ते सगळ्यांनी पाळलं.

दुपारी गावातल्या बायका मठात येऊन तिच्याजवळ बसल्या. "पोले" म्हणायच्या, म्हणजे वाईट झालं गं, आणि मग काही न बोलता बसून राहायच्या. आम्ही संध्याकाळी खांदा कुणी कुणी दिला ते लिहून पाठवलं, गाण्याचा आवाज पाठवला. सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा दोन्हीकडे एकाच दिवशी ठेवली.

आजाराची बातमी असेल तर डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे द्या, रिपोर्टचा फोटो द्या, पुढची तपासणी कधी ते द्या, आणि त्या तारखेला आठवणीने पुन्हा कळवा. यायला हवं का, हे तिला विचारायचं असतं आणि तिच्या वरिष्ठांना. फोनवर हुंदके देऊन "तू असतीस तर" म्हणू नका. मनात येतं. मलाही येतं. ते मी बहिणीजवळ बोलते.

धीर देताना

पहिल्याच वर्षी तिने कळवलं की एक बाळ मलेरियाने गेलं, तिच्या हातात. मी लगेच लिहिलं, देवाची इच्छा, तू धीर धर, तुला देवाने निवडलं आहे. पुढचे तीन आठवडे तिची पत्रं चार ओळींची आली. श्रद्धा माझ्यापेक्षा तिची मोठी आहे, तिला मी ती शिकवायला निघाले होते. नंतर असंच एकदा झालं तेव्हा मी फक्त विचारलं, बाळाचं नाव काय होतं? आई कशी आहे आता? मग तिने सगळं सांगितलं, आणि आम्ही इकडे त्या नावाने मेणबत्ती लावली.

धीर द्यायचा तर तिच्याच आयुष्यातलं काहीतरी काढून द्या. "बारावीला दोनदा आजारी पडलीस आणि तरी परीक्षेला बसलीस, पप्पांच्या स्कूटरवर मागे पाठ करत गेलीस" हे तिला ठाऊक असतं, पण तिथल्या कुणालाच ठाऊक नसतं. ते तुम्हीच सांगू शकता. तिच्यामुळे घरात काय बदललं तेही सांगा. आमचा धाकटा रक्तदानाला जातो तो तिचं पत्र वाचून. हे मी तिला कळवलं तेव्हा तिने ते वहीत लिहून ठेवलं.

"आम्ही केवढा त्याग केला" हे वाक्य कधीही नको. खरं असलं तरी नको.

आणि एक गोष्ट एकदाच, शांतपणे सांगून ठेवा, निघण्याआधी सांगितली तर उत्तम: कधी तुला वाटलं की हा तुझा मार्ग नाही, तर घर तुझंच आहे, लोक काय म्हणतील ते आम्ही बघू. काही आई-वडिलांना भीती वाटते की असं म्हटलं तर मूल परत येईल. आमची मुलगी म्हणते की ते वाक्य पाठीशी होतं म्हणून ती पहिलं वर्ष टिकली. मात्र हेच दर फोनला म्हणाल तर ते ओढणं होतं.

तिची पत्रं, पैसे, पार्सल

तिने पाठवलेला मजकूर आणि फोटो पुढे पाठवू नका, तिला विचारल्याशिवाय. त्यात रुग्ण असतात, पोरं असतात, मठातल्या अंतर्गत गोष्टी असतात. भारतातच ज्या राज्यांत धर्मांतराविषयीचे कायदे कडक आहेत तिथे काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर एखादा साधा फोटो चुकीच्या ओळीसह फिरला की त्यांनाच जाब द्यावा लागतो.

पैसे तिच्या नावावर पाठवायचे नसतात. दारिद्र्याचं व्रत आहे, मिळेल ते मंडळाचं. दवाखान्यासाठी द्यायचं असेल तर प्रांतीय घराला विचारा, ते रीत सांगतील. खाऊ द्या, पण सगळ्या मठाला पुरेल एवढा. आमच्याकडून सुकेळी आणि मसाला जातो, येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टरबरोबर. आधी विचारून घ्या, कारण खाण्याच्या कुठल्या वस्तू नेता येतात याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, आणि विमानतळावर उभं त्या सिस्टरला राहावं लागतं.

उशीर करू नका

संत फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी वारले. रोमहून संत इग्नेशियस लोयोलांनी त्यांना परत बोलावणारं पत्र लिहिलं ते १५५३ च्या जूनमध्ये. मरणाची बातमी तोवर रोमला पोहोचलीच नव्हती. आपल्याला आज एवढा वेळ लागत नाही, तरी नवीन घरांत मी बघते, बोलायचं मनात असतं आणि रविवारमागून रविवार जातात. मग तीन महिन्यांचं साठलेलं एकदम सांगायचं म्हणून अवघड वाटतं, आणि आणखी एक महिना जातो. असं झालं असेल तर मागचं भरून काढायच्या फंदात पडू नका. आज घरात जे घडलं तेवढंच लिहा आणि पाठवून द्या.

आमच्या कॅलेंडरवर या आठवड्यात आतापर्यंत एवढं आहे: सोमवारी पंपाचा पट्टा बदलला. मंगळवारी ह्यांची रक्ततपासणी, रिपोर्ट शुक्रवारी. बुधवारी नात नकाशावर बोट ठेवून "आत्या" म्हणाली. बोट काँगोवर होतं, पण कळवायचंच.